ब्लॅक पँथर पक्ष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) कृष्णवर्णीयांची एक जहाल राजकीय संघटना. ह्यूई न्यूटन (१९४२–८९) व बॉबी सील (१९३६– ) ह्या दोन तरुणांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातील ओकलंड येथे तिची स्थापना केली. १९८२ मध्ये तिचे कार्य संपुष्टात आले. आरंभी तिच्या नावात ‘स्वसंरक्षणार्थ’ हे पद होते. ते पुढे गाळण्यात आले. काळे कातडी जाकीट, काळी बेरे टोपी आणि हाती बंदूक ह्या वेषातील तिच्या कार्यकर्त्यांची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली आणि सामान्यतः ह्या पक्षाची ओळख तेवढ्यापुरतीच राहिली. प्रत्यक्षात उघड्या शस्त्रांचा काळ जेमतेम काही महिन्यांचा होता. पक्षाचे बहुतेक आयुष्य मुलांच्या न्याहारीत, दवाखान्यांत, वृत्तपत्राच्या विक्रीत आणि न्यायालयांत गेले. नागरी हक्कांच्या चळवळीने मिळविलेले कायदे जेथे अपुरे पडले, तेथून ह्या पक्षाचा इतिहास सुरू होतो. त्या चळवळीपासून तोडून तो समजत नाही.

पार्श्वभूमी : यादवी युद्धानंतर १८६५ ते १८७० ह्या काळात झालेल्या तीन घटनादुरुस्त्यांनी गुलामगिरी नष्ट झाली, कृष्णवर्णीयांना नागरिकत्व मिळाले आणि वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई करण्यात आली. तथापि दक्षिणेकडील राज्यांनी मतदानावरील कर, साक्षरतेच्या परीक्षा व उघड दहशत ह्यांच्या साहाय्याने हे हक्क निरर्थक करून टाकले. १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे परंतु समान’ हे तत्त्व ग्राह्य धरल्यामुळे शाळा, आगगाड्या, उपाहारगृहे इ. ठिकाणच्या विभक्तीकरणास घटनात्मक आधार लाभला. शाळांच्या बाबतीत हे तत्त्व मोडीत निघण्यास १९५४ चा ब्राउन खटल्याचा निकाल यावा लागला. त्यानंतरच्या दशकात माँटगमरी येथील बसगाड्यांवरील ३८१ दिवसांचा बहिष्कार (१९५५-५६), उपाहारगृहांतील बैठे सत्याग्रह (१९६०), आंतरराज्य बसगाड्यांतील स्वातंत्र्ययात्रा (१९६१), बर्मिंगहॅमचा लढा व वॉशिंग्टनचा विराट मोर्चा (१९६३) ह्या क्रमाने चळवळ वाढत गेली. तिची परिणती १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा ह्यांत झाली.

ह्या चळवळीची अहिंसक शिस्त बव्हंशी गांधीजींच्या सत्याग्रहावरून घेतलेली होती. मार्टिन ल्यूथर किंग (१९२९–६८) १९५९ मध्ये भारतात येऊन गेला, हे सर्वश्रुत आहे. त्याहून कमी परिचित असलेला दुवा म्हणजे जेम्स लॉसन (१९२८–२०२४) हा होय. सक्तीची लष्करभरती नाकारल्याबद्दल तुरुंगवास भोगलेला हा मेथडिस्ट तरुण १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आला आणि सु. तीन वर्षे तेथे राहिला. माँटगमरीच्या बहिष्काराची वार्ता त्याने नागपुरातच वृत्तपत्रात वाचली. स्वदेशी परतल्यावर त्याने नॅशव्हिल येथे विद्यार्थ्यांसाठी अहिंसक प्रतिकाराचे वर्ग चालविले. १९६० च्या सत्याग्रहांतील अनेक तरुण पुढारी ह्याच वर्गांतून तयार झाले.

मात्र वरील कायद्यांचा रोख प्रामुख्याने दक्षिणेकडे होता. दोन महायुद्धांच्या काळात व त्यानंतर लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे दक्षिणेतील शेतमजुरी सोडून उत्तरेकडील व पश्चिम किनाऱ्यावरील औद्योगिक शहरांत गेली होती. ओकलंड व त्याच्या शेजारचे रिचमंड येथील जहाजबांधणीच्या कारखान्यांनी दुसऱ्या महायुद्धात त्यांना काम दिले. युद्ध संपताच ते काम गेले, माणसे मात्र राहिली. न्यूटनचा जन्म लुइझिअॅनात, तर सीलचा टेक्ससमध्ये झालेला होता; दोघांचीही कुटुंबे ह्याच ओघात ओकलंडला आली होती. येथे गोऱ्यांसाठी राखीव अशा पाट्या नव्हत्या, बसमध्ये कोठेही बसता येत होते आणि मतदानही करता येत होते. परंतु घर विकत वा भाड्याने घेताना, कर्ज मागताना व नोकरी शोधताना वर्णभेद पदोपदी आड येई. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९६३ मध्ये घरांच्या व्यवहारातील भेदभावास बंदी केली, तेव्हा पुढच्याच वर्षी राज्यातील मतदारांनी सु. दोन-तृतीयांश बहुमताने ती बंदी उठविली. न्यायालयांनी हा कौल पुढे घटनाबाह्य ठरविला. परंतु नागरी हक्कांच्या बाजूने देश उभा राहिल्याचे सांगितले जाते ते वर्ष हेच होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कृष्णवर्णीय वस्तीत शासनाचे दर्शन मुख्यतः पोलिसांच्या रूपाने होई आणि पोलीस दल जवळजवळ संपूर्ण गोऱ्यांचे होते.

मताधिकार कायद्यावर ६ ऑगस्ट १९६५ रोजी स्वाक्षरी झाली. त्यानंतर पाचच दिवसांनी लॉस अँजेल्सच्या वॉट्स भागात एका वाहनचालकाच्या अटकेवरून दंगल उसळली. तीत ३४ माणसे मेली. पुढील वर्षी किंगने शिकागो येथे घरांच्या प्रश्नावर सत्याग्रह आरंभिला, तेव्हा गोऱ्यांच्या जमावाने केलेल्या दगडफेकीत तो जखमी झाला. दक्षिणेत परिणामकारक ठरलेले साधन उत्तरेत पुरेसे पडत नाही, ह्याची जाणीव खुद्द किंगलाही ह्या काळात झालेली दिसते.

सशस्त्र स्वसंरक्षणाची परंपरा : अहिंसा व शस्त्र ह्यांच्यात इतिहासकारांनी आखलेली रेषा प्रत्यक्षात तितकी ठळक नव्हती. दक्षिणेतील ग्रामीण भागात घरात बंदूक असणे ही सामान्य बाब होती. १९५६ मध्ये घरावर बाँब टाकण्यात आल्यानंतर किंगनेही पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो नाकारण्यात आला व पुढे त्याने शस्त्राचा विचारच सोडला. नॉर्थ कॅरोलायनातील मन्रो येथील रॉबर्ट विल्यम्स (१९२५–९६) ह्याने कू क्लक्स क्लॅनच्या हल्ल्यांविरुद्ध वस्तीचे सशस्त्र रक्षण संघटित केले, त्याबद्दल एन्. ए. ए. सी. पी. ह्या मान्यवर संघटनेने १९५९ मध्ये त्याला निलंबित केले आणि १९६१ मध्ये त्याला क्यूबात आश्रय घ्यावा लागला. लुइझिअॅनातील जोन्झबरो येथे १९६४ मध्ये ‘डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस’ ही संघटना स्थापन झाली. तिचे सभासद बहुधा माजी सैनिक असून अहिंसक सत्याग्रहींच्या निवासस्थानांवर रात्री सशस्त्र पहारा ठेवणे हे त्यांचे काम होते. एकाच गावात एकाच लढ्यासाठी दिवसा सत्याग्रह आणि रात्री बंदुकीचा पहारा, असे चित्र दिसे.

शहरी तरुणांवर मात्र सर्वाधिक प्रभाव माल्कम एक्स (१९२५–६५) ह्याचा पडला. कृष्णवर्णीयांचा प्रश्न हा नागरी हक्कांचा नसून मानवी हक्कांचा आहे व तो संयुक्त राष्ट्रांपुढे नेला पाहिजे, असे तो अखेरच्या काळात मांडत असे. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्क येथे त्याचा खून झाला. जून १९६६ मध्ये मिसिसिपीतील ग्रीनवुड येथे स्टोकली कारमायकेल (१९४१–९८) ह्याने ‘ब्लॅक पॉवर’ ही घोषणा दिली आणि ती अल्पावधीत सर्वतोमुखी झाली. ‘निग्रो’ ही तोवर प्रतिष्ठित मानली गेलेली संज्ञा मागे पडून ‘ब्लॅक’ ही संज्ञा अभिमानाने वापरली जाऊ लागली, ती ह्याच सुमारास.

पक्षाचे नाव व चिन्ह मूळचे दक्षिणेतील आहे. अलाबॅमा राज्याच्या लाउंड्स परगण्यात सु. ८०% लोकसंख्या कृष्णवर्णीयांची असूनही १९६५ च्या आरंभी मतदारयादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. कारमायकेल व त्याचे सहकारी ह्यांच्या साहाय्याने तेथील शेतकऱ्यांनी स्वतंत्र पक्ष काढला. निरक्षर मतदारांसाठी प्रत्येक पक्षास चिन्ह असणे त्या राज्यात आवश्यक होते. गोऱ्यांच्या वर्चस्वाचा उघड पुरस्कार करणाऱ्या प्रस्थापित डेमॉक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा हे होते. त्याच्या विरोधात ह्या नव्या पक्षाने काळा चित्ता हे चिन्ह निवडले. नोव्हेंबर १९६६ च्या निवडणुकीत त्याचे सर्व उमेदवार पराभूत झाले. चिन्ह मात्र तोपर्यंत ओकलंडला पोहोचले होते.

स्थापना व कार्यक्रम : न्यूटन व सील हे मेरिट महाविद्यालयाचे विद्यार्थी. सील त्या वेळी दारिद्र्यनिर्मूलनाच्या एका शासकीय योजनेत नोकरीस होता. त्या योजनेच्या कचेरीत बसूनच दोघांनी पक्षाचा दहा कलमी कार्यक्रम लिहून काढला. त्यातील मागण्या अशा : आपल्या समाजाचे भवितव्य ठरविण्याचे स्वातंत्र्य, सर्वांना काम, आर्थिक लुबाडणुकीस प्रतिबंध, राहण्याजोगी घरे, खरा इतिहास शिकविणारे शिक्षण, लष्करी सेवेतून सूट, पोलिसी अत्याचारांना आळा, कृष्णवर्णीय कैद्यांची मुक्तता, स्वजनांच्या ज्यूरीपुढे न्याय आणि अखेरीस जमीन, अन्न, निवारा, वस्त्र, न्याय व शांतता. दहाव्या कलमात संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली कृष्णवर्णीयांच्या सार्वमताचीही मागणी आहे. कार्यक्रमाचा समारोप १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील उताऱ्याने केलेला आहे. माओ-त्से-तुंग व फ्रांझ फॅनन ह्यांच्या ग्रंथांचा प्रभाव संस्थापकांवर असला, तरी हा मसुदा मुळात अमेरिकन राज्यघटनेच्या भाषेत लिहिलेला आहे, ही गोष्ट अनेक टीकाकारांच्या नजरेतून निसटलेली दिसते.

पक्षाचे पहिले काम म्हणजे पोलिसांवर गस्त घालणे. भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यास कॅलिफोर्नियात त्या वेळी कायद्याने मुभा होती; लपवून बाळगणे हा गुन्हा होता. न्यूटनने कायद्याची पुस्तके बारकाईने वाचलेली होती. पोलिसांनी रस्त्यात एखाद्याला अडविले, की पँथरांची गाडी तेथे थांबे; बंदुका घेतलेले कार्यकर्ते कायद्याने ठरविलेल्या अंतरावर उभे राहत आणि अडविलेल्या इसमास त्याचे हक्क मोठ्याने वाचून दाखवीत. सुरुवातीच्या बंदुकांचा खर्च माओच्या वचनांची लाल पुस्तिका बर्कली विद्यापीठाच्या आवारात विकून भागविण्यात आला.

ह्या गस्तींना प्रतिबंध करण्यासाठी डॉन मल्फर्ड ह्या आमदाराने सार्वजनिक ठिकाणी भरलेली बंदूक बाळगण्यास मनाई करणारे विधेयक मांडले. त्याच्या निषेधार्थ २ मे १९६७ रोजी सीलच्या नेतृत्वाखाली पक्षाचे सु. ३० स्त्री-पुरुष शस्त्रांसह सॅक्रामेंटो येथील विधानभवनात शिरले. कोणावरही गोळी झाडण्यात आली नाही; परंतु ह्या एका दिवसाने पक्षाचे नाव देशभर झाले. विधेयक संमत होऊन राज्यपाल रॉनल्ड रीगन ह्याने त्यावर स्वाक्षरी केली. पुढे शस्त्रस्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांनी ज्याला डोक्यावर घेतले तो हाच रीगन. गस्तीचे पर्व अशा रीतीने वर्षाच्या आतच संपले. पक्षाने कायदा मोडला म्हणून नव्हे, तर तो पाळला म्हणून कायदाच बदलावा लागला.

विस्तार : २८ ऑक्टोबर १९६७ च्या पहाटे ओकलंडमध्ये झालेल्या एका चकमकीत जॉन फ्रे हा पोलीस ठार झाला व न्यूटन जखमी झाला. सप्टेंबर १९६८ मध्ये न्यूटनला सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. अपील न्यायालयाने ती १९७० मध्ये रद्द केली आणि फेरखटल्यांत ज्यूरींचे एकमत न झाल्यामुळे खटला काढून घेण्यात आला. ह्या तीन वर्षांतील ‘न्यूटनला मुक्त करा’ ही मोहीम पक्षाच्या वाढीस सर्वाधिक कारणीभूत झाली. लेखक एल्ड्रिज क्लीव्हर (१९३५–९८) हा पक्षाचा प्रमुख प्रवक्ता बनला. ४ एप्रिल १९६८ रोजी किंगचा खून झाला. दोन दिवसांनी ओकलंड येथे पोलिसांशी झालेल्या चकमकीत पक्षाचा पहिला सभासद बॉबी हटन हा १७ वर्षांचा मुलगा मारला गेला. किंगच्या मृत्यूनंतर तरुणांचा ओघ पक्षाकडे वळला. १९७० पर्यंत तीसहून अधिक शहरांत त्याच्या शाखा निघाल्या. सभासदसंख्या मात्र ऐन भरातही काही हजारांपलीकडे गेली नाही. ‘द ब्लॅक पँथर’ ह्या त्याच्या साप्ताहिकाचा खप एक लाखावर गेला होता. त्यातील एमरी डग्लस ह्याची ठसठशीत व्यंगचित्रे व भित्तिपत्रके अमेरिकन ग्राफिक कलेच्या इतिहासात आता मान्यता पावली आहेत.

लोकोपयोगी कामे : जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये शाळकरी मुलांना मोफत न्याहारी देण्यास सुरुवात झाली. उपाशी पोटी शाळेत येणाऱ्या मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही, एवढाच साधा विचार ह्यामागे होता. पहाटे उठून स्वयंपाक करणे, वस्तीतील दुकानदारांकडून अंडी, दूध, पाव मिळविणे, मुलांना रस्ता ओलांडून देणे ही कामे कार्यकर्त्यांकडे असत. वर्ष संपण्यापूर्वी देशातील अनेक शहरांत असे वर्ग चालू झाले आणि रोज हजारो मुले त्यांत जेवू लागली. केंद्र शासनाची शालेय न्याहारीची योजना १९६६ पासून प्रायोगिक स्वरूपात होती. ती १९७५ मध्ये कायम करण्यात आली. ह्याचे श्रेय एकट्या पक्षास देता येणार नाही, परंतु प्रश्न सर्वांच्या नजरेस आणून देण्यात त्याचा वाटा होता.

न्याहारीपाठोपाठ मोफत दवाखाने, कपडे व जोड्यांचे वाटप, तुरुंगातील कैद्यांच्या भेटीसाठी नातेवाइकांना नेणाऱ्या बसगाड्या, वृद्धांना सोबत देण्याची योजना अशी अनेक कामे उभी राहिली. क्रांती होईपर्यंत समाज जिवंत राहिला पाहिजे, म्हणून ह्यांना ‘जगण्याचे कार्यक्रम’ म्हणत. सिकल सेल ह्या प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराकडे वैद्यकीय संस्थांचे दुर्लक्ष होते; पक्षाने १९७१ पासून त्याच्या तपासण्या वस्तीवस्तीत सुरू केल्या. १९७२ मध्ये ह्या रोगाच्या नियंत्रणासाठी केंद्रीय कायदा झाला. ओकलंड येथील पक्षाची प्राथमिक शाळा एरिका हगिन्स हिच्या व्यवस्थापनाखाली १९७३ ते १९८२ पर्यंत चालली आणि तिच्या अध्यापनाची प्रशंसा राज्याच्या विधिमंडळानेही केली.

ही कामे मुख्यतः स्त्रियांनी चालविली. १९७० च्या सुमारास पक्षात स्त्रियांची संख्या निम्म्याहून अधिक झाली असावी, असे मानले जाते. प्रारंभीची मर्दानी भाषा व प्रत्यक्ष व्यवहार ह्यांतील विसंगतीवर पक्षात वाद झाले. ऑगस्ट १९७० मध्ये न्यूटनने स्त्रीमुक्ती व समलिंगी मुक्ती ह्या दोन्ही चळवळींना जाहीर पाठिंबा दिला; त्या काळच्या कोणत्याही पुरुषप्रधान राजकीय संघटनेच्या मानाने ही भूमिका पुढची होती. तथापि स्त्री कार्यकर्त्यांना मारहाण होण्याचे प्रकार पुढेही चालूच राहिले.

शासकीय दडपशाही : एफ्. बी. आय. ह्या संघीय अन्वेषण संस्थेचा प्रमुख जे. एडगर हूव्हर (१८९५–१९७२) ह्याने १९६९ मध्ये हा पक्ष देशाच्या अंतर्गत सुरक्षिततेस सर्वांत मोठा धोका असल्याचे घोषित केले. ‘कॉइन्टेलप्रो’ ह्या तिच्या गुप्त मोहिमेची व्याप्ती ऑगस्ट १९६७ मध्येच कृष्णवर्णीय संघटनांपर्यंत वाढविण्यात आली होती आणि अहिंसावादी किंगदेखील तिच्या लक्ष्यांत होता. बनावट पत्रे पाठवून नेत्यांत संशय निर्माण करणे, प्रतिस्पर्धी संघटनांना चिथावणे, घरमालक व देणगीदार ह्यांच्यावर दडपण आणणे आणि पक्षात खबरे पेरणे ही तिची साधने होती. कृष्णवर्णीय राष्ट्रवादी संघटनांविरुद्धच्या नोंदल्या गेलेल्या २९५ कारवायांपैकी २३३ एकट्या ह्या पक्षाविरुद्ध होत्या, असे सिनेटच्या चर्च समितीने १९७६ मध्ये नमूद केले. मुलांच्या न्याहारीसारख्या उपक्रमांना हात लावू नये, असे सॅन फ्रॅन्सिस्को कचेरीने मे १९६९ मध्ये सुचविले, तेव्हा हूव्हरने तिची कानउघाडणी केली. त्याच्या मते ह्या न्याहारीमुळेच पक्षाला सामान्य लोकांची सहानुभूती मिळत होती. बंदुकीपेक्षा अंडी-पावाची भीती त्याला अधिक वाटत होती.

ह्या मोहिमेचे सर्वांत ठळक उदाहरण फ्रेड हॅम्पटन (१९४८–६९) ह्याचे होय. इलिनॉय शाखेचा हा २१ वर्षांचा अध्यक्ष उत्कृष्ट वक्ता व संघटक होता. त्याने शिकागोत प्वेर्त रीकन तरुणांची ‘यंग लॉर्ड्‌स’ आणि दक्षिणेतून आलेल्या गरीब गोऱ्यांची ‘यंग पेट्रिअट्स’ ह्या संघटनांशी ‘इंद्रधनुष्य आघाडी’ उभारली. यंग पेट्रिअट्सच्या सभासदांच्या जाकिटांवर यादवी युद्धातील दक्षिणेच्या निशाणाचे चिन्ह असे. तरी घरे, दवाखाने व पोलीस ह्या प्रश्नांवर ते पँथरांच्या व्यासपीठावर येत. ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे परगण्याच्या सरकारी वकिलाच्या पोलीस पथकाने हॅम्पटनच्या घरावर छापा घातला. तीत तो बिछान्यातच मारला गेला. मार्क क्लार्क हा दुसरा कार्यकर्ताही ठार झाला. पोलिसांनी ही चकमक असल्याचे सांगितले. परंतु पोलिसांच्या बाजूने ८० हून अधिक, तर पँथरांच्या बाजूने फार तर एकच गोळी सुटल्याचे संघीय ग्रँड ज्यूरीच्या तपासात आढळले. घराचा नकाशा ज्याने एफ्. बी. आय. ला पुरविला, तो विल्यम ओनील हाच हॅम्पटनच्या सुरक्षेचा प्रमुख होता. ह्या प्रकरणी कोणासही शिक्षा झाली नाही. मृतांच्या व वाचलेल्यांच्या वतीने केलेला दावा १९८२ मध्ये १८·५ लक्ष डॉलर भरपाई देऊन मिटविण्यात आला.

न्यायालयांत शासनास पुष्कळदा अपयश आले. न्यूयॉर्क शाखेतील २१ जणांवर १९६९ मध्ये बाँबस्फोटांच्या कटाचा आरोप ठेवण्यात आला; दीर्घ सुनावणीनंतर मे १९७१ मध्ये ज्यूरीने सर्व आरोपींना सर्व आरोपांतून मुक्त केले. परंतु तोपर्यंत दोन वर्षे तुरुंगात, जामिनाच्या रकमा उभारण्यात आणि वकिलांच्या खर्चात गेली होती. खटला हरूनही शासनाचा उद्देश साध्य होत असे. मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मीडिया येथील एफ्. बी. आय. च्या कचेरीतून काही युद्धविरोधी नागरिकांनी कागदपत्रे चोरून वृत्तपत्रांना पाठविली. त्यामुळे ह्या मोहिमेचे अस्तित्व उघड होऊ लागले आणि पुढच्याच महिन्यात ती अधिकृतपणे थांबविण्यात आली.

फूट व अखेर : पक्षाच्या ऱ्हासाचे सारे खापर दडपशाहीवर फोडता येणार नाही. खबऱ्यांच्या भीतीने पक्षात संशयाचे वातावरण पसरले होते. मे १९६९ मध्ये न्यू हेवन येथे खबऱ्या असल्याच्या संशयावरून एका तरुण सभासदाचा पक्षातीलच लोकांनी छळ करून खून केला. तो खबऱ्या असल्याचा कोणताही पुरावा पुढे आला नाही. क्लीव्हर १९६८ च्या अखेरीस देशाबाहेर पळून गेला व क्यूबामार्गे अल्जीरियात पोहोचला. सशस्त्र उठावाची वेळ आली आहे असे तो तेथून म्हणू लागला, तर तुरुंगातून सुटलेला न्यूटन वस्तीतील कामांवर भर देऊ लागला. दोघांनाही चिथावणारी बनावट पत्रे एफ्. बी. आय. ने पाठविली हे खरे. परंतु मतभेद बनावट नव्हते. १९७१ मध्ये दोघांनी एकमेकांस पक्षातून काढून टाकले. न्यूयॉर्कमधील काही जण ‘ब्लॅक लिबरेशन आर्मी’ ह्या भूमिगत गटात गेले.

१९७२ नंतर न्यूटनने बहुतेक शाखा बंद करून कार्यकर्त्यांना ओकलंडला बोलावून घेतले. १९७३ मध्ये सील महापौरपदासाठी उभा राहिला व दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचून चाळीस हजारांहून अधिक मते मिळवून पराभूत झाला. पुढील वर्षी तो पक्ष सोडून गेला. न्यूटन मादक द्रव्यांच्या आहारी गेला होता; १९७४ मध्ये एका तरुणीच्या खुनाचा आरोप आल्यावर तो क्यूबात पळाला. त्याच्या गैरहजेरीत इलेन ब्राउन (१९४३– ) हिने पक्षाचे नेतृत्व केले. लायनेल विल्सन हा १९७७ मध्ये ओकलंडचा पहिला कृष्णवर्णीय महापौर निवडून आला, त्यामागे तिने उभारलेल्या मतदारनोंदणीच्या यंत्रणेचा हातभार होता. न्यूटन त्याच वर्षी परतला. खुनाच्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. शाळेतील एका व्यवस्थापिकेस झालेल्या मारहाणीस न्यूटनची संमती होती, हे कळल्यावर आपण पक्ष सोडला, असे ब्राउनने आत्मचरित्रात लिहिले आहे. १९८२ मध्ये शाळा बंद पडली आणि तिच्याबरोबर पक्षही संपला. २२ ऑगस्ट १९८९ रोजी ओकलंडमध्येच मादक द्रव्यांचा व्यवहार करणाऱ्या टोळीतील एका इसमाने न्यूटनचा खून केला.

पक्षातील काही जण पुढे प्रातिनिधिक राजकारणात गेले. हॅम्पटनचा सहकारी बॉबी रश हा १९९३ ते २०२३ पर्यंत अमेरिकन काँग्रेसचा सदस्य होता. काहींच्या बाबतीत मात्र १९७० चे दशक फार लांबले. लॉस अँजेल्स शाखेतील जेरोनिमो प्रॅट ह्याला खुनाबद्दल झालेली शिक्षा १९९७ मध्ये रद्द झाली. मुख्य साक्षीदार पोलिसांचा खबऱ्या होता ही बाब बचावपक्षापासून लपविण्यात आली होती. तोपर्यंत त्याची २७ वर्षे तुरुंगात गेली होती. लुइझिअॅनातील अँगोला तुरुंगात पक्षाची शाखा काढणारा अॅल्बर्ट वुडफॉक्स (१९४७–२०२२) हा चार दशकांहून अधिक काळ एकांत कोठडीत राहून फेब्रुवारी २०१६ मध्ये सुटला.

अन्य देशांत व महाराष्ट्रात : ‘पँथर’ हे नाव अल्पावधीत अमेरिकेबाहेर पसरले. ब्रिटनमध्ये १९६८ मध्ये, इझ्राएलमध्ये अरब देशांतून आलेल्या ज्यू तरुणांत १९७१ मध्ये आणि त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये पॅसिफिक बेटांतील रहिवाशांत ह्या नावाच्या संघटना निघाल्या. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ (१९४९–२०१४), ज. वि. पवार, राजा ढाले (१९४०–२०१९) प्रभृती तरुण साहित्यिकांनी दलित पँथर ही संघटना स्थापन केली.

महाराष्ट्राला अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाविषयी वाटणारी जवळीक ह्याहून शंभर वर्षे जुनी आहे. जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील लोकांस अर्पण केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस ह्या कृष्णवर्णीय विचारवंताशी पत्रव्यवहार करून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे सादर केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात ब्लॅक पँथर चळवळीशी असलेले नाते स्पष्टपणे सांगितलेले आहे.

तथापि हे नाते मुख्यत्वे नावाचे व बाण्याचे होते. ओकलंडमध्ये प्रश्न शहरी पोलिसांचा होता. दलित पँथरपुढे प्रथम आला तो खेड्यांतील अत्याचारांचा. एळयापेरुमाळ समितीच्या अहवालाने अस्पृश्यांवरील अन्यायांची जी माहिती पुढे आणली, तिने तरुणांत संताप पसरला होता. घटनेने दिलेले हक्क गावात पोहोचत नाहीत, ही जाणीव दोन्हीकडे सारखी होती. दलित पँथरने शस्त्रधारी गस्ती घातल्या नाहीत. कविता, लेख, सभा व मोर्चा ही तिची साधने होती. त्याचप्रमाणे न्याहारीचे वर्ग वा दवाखाने ह्यांसारखे स्थायी काम तिच्या हातून उभे राहू शकले नाही. जानेवारी १९७४ मध्ये मुंबईतील लोकसभेच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार पुकारला असता वरळीच्या चाळींत दंगल उसळली. १० जानेवारीच्या मोर्चावर झालेल्या दगडफेकीत भागवत जाधव हा कार्यकर्ता मृत्यू पावला. मार्क्सवाद व बौद्ध विचार ह्यांवरून ढसाळ व ढाले यांच्यात त्याच वर्षी फूट पडली. मार्च १९७७ मध्ये ढाले व पवार यांनी संघटना बरखास्त केल्याचे जाहीर केले. परंतु अनेक कार्यकर्त्यांनी हा निर्णय मानला नाही व मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात ते पँथर ह्याच नावाने उतरले.